आधीपासूनच

७ जानेवारी २०२५, मंगळवार. अमरावती

डायरी लिहायची मला सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलं. अकोल्याच्या दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्याच्या वार्ताहरांनी पाठवलेल्या बातम्या शुद्ध मराठीत आणायच्या, हे काम. पण आजचा प्रकार कुठेतरी लिहिला नाही तर मी जावयावर ओरडेन, आणि अनुपरावांचा यात काही दोष नाही.

ललिताला दिवाळीत पक्षाघात झाला. उजवा हात गेला होता, तो आता थोडा उचलतो. काठी घेऊन चालते. बोलणं परत आलं, पण अगदी थोडं. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, हातापायाचं आम्ही बघतो, स्मृती आणि मन सांभाळायचं असेल तर अमरावतीला केंद्र आहे, वयस्क रुग्णांसाठीच, तिथे न्या. म्हणून राजापेठेत मायाकडे येऊन राहिलो आहोत. आमच्या मुलीचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली शिकवणी वर्ग. सकाळी सहापासून दुचाक्यांचा गोंगाट.

केंद्रात आज सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं. भिंतीवरचा टीव्ही मोठ्यानं चालू. समोर रांगेत म्हातारी माणसं, कोणाची मान कलली आहे, कोणाच्या तोंडाचा कोपरा ओघळला आहे, आणि सगळ्यांना बातम्यांमधली आरडाओरड ऐकवायची. मेंदूला विश्रांती द्या असं त्याच भिंतीवर लिहिलेलं आहे.

टेबलावरच्या मुलीनं हाक मारली, "आजीऽऽ, जेवला का आजीऽऽ?" लहान मुलाशी बोलतात तसं. ललिता पासष्ट वर्षांची आहे. तीस वर्षं जठारपेठेत शिवणवर्ग चालवला तिनं. अर्ध्या पेठेच्या मुली तिच्याकडे कापड बेतायला शिकल्या. तिला आजीऽऽ?

"आजी, नाव सांगा तुमचं."

"ललिता देवमन तायडे," मी सांगितलं.

"काका, त्यांना सांगू द्या ना."

"वेळ वाचतो," मी म्हटलं. या लोकांना वेळेची किंमत नाही ती नाहीच.

ठरलं ते असं: तीन आठवडे व्यायाम आणि स्मृतीचा वर्ग, मग चाचणी. चाचणीवरून पुढचे तीन महिने जागा द्यायची की नाही ते ठरणार. जागा मोजक्या आहेत म्हणे. ललिताला ती जागा मिळाली पाहिजे. आमची ललिता म्हणजे गल्लीचा रेडिओ होती. आता दिवसाकाठी दहा वाक्यं बोलत नाही.

संध्याकाळी सराव घेतला. ती म्हणाली, "मी पानी घेतो." मी म्हटलं, "पाणी घेते." तिनं पेला खाली ठेवला. तहान नव्हती बहुधा.

११ जानेवारी

व्यायामाला पायल नावाची मुलगी आहे. फिजिओथेरपिस्ट, चांगली शिकलेली, हात हलका. तिनं विचारलं, "मावशी, माहेर कोनतं?"

मी म्हटलं, "बाळापूरजवळचं खेडं आहे."

"काका, मी मावशीले इचारून राहिली."

ललितानं गावाचं नाव सांगितलं. पायल म्हणाली, "घ्या! मी बाळापूरचीच. आता टोंगया वाकवा, नाही तं गावात सांगीन, मावशी अमरावतीत जाऊन आयशी झाली म्हून."

ललिता हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदा हसली. मलाही बरं वाटलं. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो: उपचाराच्या ठिकाणी भाषेचा दर्जा सांभाळायला हवा. गुडघ्याला गुडघा आणि आळशीला आळशी म्हणता येत नसेल तर पदवी कशाला घेतली? मेंदूला नवं वळण लागायच्या वेळीच बरोबर शब्द पडले पाहिजेत. तक्रार करणार नाही. मुलगी मनानं चांगली आहे.

माझ्या वडिलांनी हे फार लवकर ओळखलं होतं. ते म्हणायचे, देवमन, भाषा शुद्ध ठेव. शुद्ध बोलणाऱ्याला वर्गाबाहेर बसवताना त्यांना दोनदा विचार करावा लागतो. ते स्वतः वर्गाबाहेर बसून शिकले होते. त्यांनी सांगितलेलं मी कधी सोडलं नाही, घरातही नाही.

२० जानेवारी

सराव बंद पडल्यासारखा आहे. सकाळी डोळ्याला पदर लावून बसली होती. खूप विचारल्यावर म्हणाली, "मले इथं काहून आनलं? मी येडी झालो का?"

"झाले का, असं म्हण," मी म्हटलं. हळू आवाजातच म्हटलं.

तिनं भिंतीकडे तोंड केलं ते दुपारपर्यंत. पक्षाघातानंतर रुग्ण चिडचिडा होतो, असं केंद्राच्या पत्रकात दिलं आहे. पत्रकात शुद्धलेखनाच्या बारा चुका आहेत.

माया म्हणते, आई दुपारी जिन्यात बसून खालच्या पिंकीच्या आईशी बोलते.

"काय बोलते?"

"सगळंच. शिवणक्लासचे किस्से सांगते. परवा इतकी बोलली की पिंकीच्या आईची भाजी करपली."

"मग माझ्याशी का बोलत नाही?"

माया कुकर बघायला उठून गेली. मुलीला आईच्या आजाराचं गांभीर्य कळलेलं नाही.

२८ जानेवारी

आज चाचणी झाली. साधना मॅडम म्हणून आहेत, दिवाळीनंतर पुण्याहून इथे रुजू झाल्या. नीट कपडे, नीट बोलणं. 'न' आणि 'ण' वेगळे ऐकू येतात. या गावात कान सुखावले.

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, माझ्याशिवाय ती घाबरते. मग मागच्या खुर्चीवर बसू दिलं. प्रत्येक उत्तराआधी ललिता वळून माझ्याकडे बघायची. मी मान हलवून धीर देत होतो. बोलत मात्र होती इतकं बारीक, की मागे काही ऐकू येत नव्हतं. चित्रंही दिसली नाहीत. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, त्यातले दोनच आले हे कळलं. शंभरातून सात वजा करत दोन पायऱ्या उतरली. कापड बेतणारी बाई! पूर्वी तोंडी हिशेबात मला हरवायची.

बाहेर आल्यावर विचारलं, "कशी गेली?"

"तुमाले माहीत," म्हणाली.

३१ जानेवारी

केंद्रात बोलावलं होतं. माया ललिताला घेऊन बाहेर बसली, मी आत गेलो. मोठे डॉक्टर फोनवर होते, मॅडमच बोलल्या.

पहिलंच वाक्य: "काका, वर्गात आम्ही रोज संध्याकाळची प्रार्थना घेतो. लहानपणी पाठ झालेलं सगळ्यात शेवटी विसरतं. पण ताईंना शुभंकरोतीची एक ओळही आठवत नाही. हे काळजीचं आहे."

इथे माझा तोल गेला, आणि जावाच असा तो होता. मी म्हटलं, "मॅडम, आम्ही बौद्ध आहोत. ललिताचा जन्म एकोणसाठचा. तिच्या घरात शुभंकरोती कोणी म्हटलंच नाही. विसरायला ते आधी आठवणीत असावं लागतं! त्रिशरण विचारलं का तुम्ही तिला? पंचशील विचारलं? बाबासाहेबांची पाळण्याची गाणी विचारा, ती तुमचा वर्ग उठू देणार नाही. दुसऱ्याच्या घरातली आठवण मागता आणि सापडली नाही की आजार म्हणता?"

मॅडमचा चेहरा उतरला. "सॉरी काका. माझ्या लक्षात आलं नाही. हे मी काढून टाकते." तिथल्या तिथे खोडलं. माझ्या रागाचा त्यांनी मान राखला, हे लिहिलं पाहिजे.

मग त्या म्हणाल्या, "चित्रं ओळखण्यातही गोंधळ आहे. भाजीचं चित्र दाखवलं तर त्या इडलीबरोबरचं सांबार म्हणाल्या. असे बरेच शब्द. आणि त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात. मी येतो, मी जातो, मी करतो. हे स्ट्रोकनंतर सुरू झालं, की आधीपासून आहे?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेरच्या शिकलेल्या बाईसमोर घरातली गोष्ट अशी उघडी पडावी! मी खरं ते सांगितलं.

"आधीपासूनच आहे. मी पुष्कळ प्रयत्न केले, पण सुधारणा नाही. उलट वाढतच गेलं."

"कधीपासून वाढलं?"

"माया शिकायला बाहेर पडली, तेव्हापासून. घरात दोघंच उरलो."

"म्हणजे काही वर्षं झाली. आणि शब्दही चुकतात?"

"रोज."

त्या लिहून घेत होत्या. मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांनी तिच्याकडून करून घेतलं तर होईल. माझं ऐकत नाही." त्या खूप सहानुभूतीनं हसल्या.

१ फेब्रुवारी

आज पुन्हा केंद्रात बोलावलं होतं.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, "तायडे साहेब, हे जुनं दुखणं आहे. स्ट्रोकच्या कितीतरी आधीपासून स्मृतिभ्रंश सुरू झालेला आहे. वर्गाचा उपयोग ज्यांना होईल त्यांनाच आम्ही जागा देतो. यांना घरी शांत ठेवा. ही गोळी सुरू करा, त्रास देणार नाहीत."

त्रास! कोणाला त्रास दिला तिनं?

"आधीपासून आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?" मी ओरडलोच. डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. एका चाचणीत माणसाला निकालात काढायचं, आणि कशावरून विचारलं तर तोंडाकडे बघायचं!

ललिता दारातच उभी होती. रिक्षात म्हणाली, "मंग मले आता बंद करून टाकून राह्यले का?"

हे वाक्य मी दुरुस्त केलं नाही.

३ फेब्रुवारी

ती गोळी काल रात्री दिली. आज दुपारी दोन वाजता मायानं हलवून उठवलं. तोंडातून लाळ आली होती, उशी ओली. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. आपण कुठे आहोत ते तिला सांगता येईना. मायाचा हात धरून सारखी "शेषराव, शेषराव" म्हणत होती. तो तिचा भाऊ, जाऊन सहा वर्षं झाली.

अनुपरावांनी गोळ्यांचं पाकीट उचललं आणि बेसिनमध्ये रिकामं केलं. नळ सोडला. "जे होईल ते होईल," म्हणाले. मी त्यांना अडवलं नाही. जावई आहेत, आणि बरोबर होते.

४ फेब्रुवारी. अकोला

दिवाळीच्या वेळचे दवाखान्याचे कागद न्यायला सकाळच्या एसटीनं आलो. घर थंड पडलं आहे. एकट्यापुरता वरणभात टाकावा म्हणून जठारपेठेच्या कोपऱ्यावर भाजी घ्यायला गेलो. तिथे लीलाबाई बसतात, वीस वर्षं आमच्या घरी त्यांचीच भाजी.

"बाबूजी, बाई कशी हाये?"

"बरी आहे."

"तुमच्या तोंडावून तं नाही वाटत. हे घ्या, सांबार घेऊन जा. ताजा हाये, बाईले लय आवडे. सांबाराच्या वड्या अशा करे बाई, का पुसू नका."

हातात जुडी घेतली. हिरवी, ओली, मुळांना काळी माती. आणि मी तिथेच भाजीच्या पाट्यांमध्ये उभा राहिलो.

सांबार.

इडलीबरोबरचं नव्हे. ललितानं बरोबर ओळखलं होतं! चित्रात कोथिंबीर होती, आणि वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. बाळापुरात म्हणतात, अकोल्यात म्हणतात, अमरावतीच्या बाजारातही ओरडून विकतात. माझ्याकडे आलेल्या बाजारभावांच्या बातम्यांत हा शब्द दर आठवड्याला असायचा आणि मी दर आठवड्याला तो बदलायचो. आणि एक बाई पुण्याहून येते, इडली-सांबार खाऊन मोठी झालेली, आणि तेवढ्यावर माझ्या बायकोला वेडी ठरवते!

"बाबूजी, बसा जरा," लीलाबाई म्हणाल्या. "पानी देऊ का?"

वरणभात राहिला. रात्रीच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरलो.

५ फेब्रुवारी. अमरावती

राजापेठेच्या बाजारातून ताजी जुडी घेतली. विकणाऱ्याला मुद्दाम विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सांबार. काहून, चष्मा घरी राह्यला का काका?"

जुडी मॅडमच्या टेबलावर ठेवली. "हे काय आहे?"

"कोथिंबीर," त्या म्हणाल्या. जरा घाबरल्या होत्या. मी जुडीभोवतीचा ओला कागद तसाच ठेवला होता, त्यांच्या फायलींवर.

पायल दारातून चालली होती. मी हाक मारली. "हे काय आहे, सांग."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मॅडमकडे. "...सांबार."

"मोठ्यानं!"

"सांबार आहे काका. सगळे सांबारच म्हणतात."

मॅडम लाल झाल्या. ताडकन उठल्या, कपाटातून चित्रांचा गठ्ठा काढला आणि पायलसमोर एकेक टाकायला लागल्या. बटाटा. "आलू." बैलगाडी. "बंडी." मॅडम म्हणाल्या, "बंडी? मला वाटलं त्या अंगातल्या बंडीबद्दल बोलताहेत!" शेंगदाणे. "फल्ली." वालाच्या शेंगा. पायल म्हणाली, "पोपट." आणि तिलाच हसू फुटलं. मॅडमनी कपाळावर हात मारला. "मी लिहिलं आहे, शेंगांना पक्षी म्हणतात."

"आणि ते मी येतो, मी जातो?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, आमच्याकडे बायका तसंच बोलतात. माझी आई बोलते. मीही घरी गेली की तसंच."

"बघा!" मी टेबलावर हात आपटला. "एका प्रांताच्या बायका तुम्ही वेड्या ठरवल्या असत्या!"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, माझी चूक मोठी आहे. ती मी डॉक्टरांसमोर कबूल करणार. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आधीपासूनच आहे, वाढत गेलं, सुधारणा नाही."

"मी व्याकरणाबद्दल बोलत होतो!"

"मी आजाराबद्दल विचारत होते."

"मग तसं स्पष्ट विचारायचं!"

पायल जुडी उचलून खिडकीत ठेवायला गेली ती परत वळलीच नाही. खांदे हलत होते तिचे. यात हसण्यासारखं काय होतं?

पुन्हा चाचणी घ्यायचं ठरलं. सोमवारी. पायल सोबत बसणार. मी जिंकून आलो म्हणून मायाला सगळं सविस्तर सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "बाबा, आईच्या बोलन्याले आजार तं तुमीच म्हनले."

रागात तिचीही भाषा घसरते. मी दुर्लक्ष केलं.

१० फेब्रुवारी

आज मला आत बसू दिलं नाही. त्रेचाळीस वर्षं मी तिचा नवरा आहे, तिच्यासाठी भांडून ही चाचणी मिळवली, आणि मला बाकावर बसवलं! मॅडम म्हणाल्या, नियम आहे. गेल्या वेळी हा नियम कुठे गेला होता?

दार बंद. आधी काही ऐकू येईना. मग ललिताचा आवाज. मग तिघींचं हसणं. मग बराच वेळ एकटा ललिताचाच आवाज, चढत, उतरत, मध्येच टाळी. शिवणवर्गात ऐकू यायचा तसला. मी उठून दाराजवळ गेलो. टेबलावरच्या मुलीनं "काकाऽऽ, बसा नाऽऽ" केलं. बसलो.

निकाल लिहितो. चित्रं जवळपास सगळी बरोबर. जुन्या स्मृतिभ्रंशाचं लक्षण नाही. पाच शब्दांतले आजही दोनच आठवले. ताजी गोष्ट टिकत नाही, ती स्ट्रोकची देणगी आहे आणि त्यावर सराव करता येतो. त्याहून अवघड म्हणजे मन खचलेलं आहे. मोठ्या डॉक्टरांनी जागा दिली, तीन महिन्यांची. गोळीबद्दल दिलगीर आहे म्हणाले, घड्याळाकडे बघत. मी त्यांना सोडलं नाही. म्हटलं, तुमच्या त्या एका गोळीनं तिला दिवसभर तिचं माणूस ओळखू येत नव्हतं, आणि ती गोळी तुम्ही भाषेवर दिली होती. भाषेवर! ते उठून उभे राहिले. मीही उभा राहिलो. शेवटी त्यांनीच नजर खाली केली. बरं वाटलं.

मग मॅडमनी आणि पायलनं मला एकट्याला थांबवलं. "काका, घरच्यांसाठी एकच व्यायाम देते. त्यांचं एकही वाक्य दुरुस्त करायचं नाही. शब्द सुचवायचा नाही. त्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही."

"मग ती सुधारणार कशी?"

"त्या बोलायला भितात, काका."

"कोणाला?"

मॅडमनी पायलकडे पाहिलं. पायलनं खिडकीकडे. अर्धवट बोलायची या केंद्रालाच खोड आहे.

१४ फेब्रुवारी

चार दिवस तोंडाला कुलूप. मी नियम पाळणारा माणूस आहे, पण हा उपचार नव्हे, शिक्षा आहे, आणि ती रुग्णाला सोडून नातेवाइकाला दिली आहे. आज ती म्हणाली, "घरात मले करमून नाही राह्यलं." मी जीभ चावली. म्हणाली, "काल वर्गात मी गाणं म्हनलो." मी पाणी प्यायलो. अनुपराव समोर बसून हे बघत होते आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरत होते.

शेवटी ललिताच म्हणाली, "तुमी तोंडानं नाही बोलत, पन तुमच्या भिवया बोलतात ना."

"मी काय केलं?"

"मी 'गेलो' म्हनलं का त्या वर जातात. मंग मले पुढचं आठवत नाही."

आता भुवयांवरही माझा अधिकार राहिला नाही.

१६ फेब्रुवारी

दुपारी मायानं आणि तिनं मिळून मला समोर बसवलं. माया काही बोलली नाही, ललिताच बोलली. सावकाश. मध्ये थांबत, शब्द शोधत. एकदा तर इतका वेळ थांबली की मला शब्द दिसत होता आणि मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

"तुमी अकोल्याले जा. तीन मयने. मले इथं... मले इथं शिकू द्या."

"मी अडवतो का तुला?"

"तुमी चांगले हाये. मायासाठी भांडले."

"तुझ्यासाठी," मी म्हटलं. मायासाठी कशाला भांडेन?

तिचे डोळे भरले. "पाहा. माझ्यासाठी. आमच्याकडे माझ्याले 'माया'च म्हनतात, तेच म्हनत होतो मी."

माया म्हणाली, "बाबा, सकाळची गाडी साडेसातची आहे."

मी या घरातल्या सगळ्यांत मोठा माणूस. केंद्राशी मी भांडलो, जागा मी मिळवली. आणि घालवतात मला. ललिताची बाजू घेणारे आता खूप झाले. माझी बाजू कोण घेणार?

२२ फेब्रुवारी. अकोला

पाच दिवस झाले. कोणाशी बोलायचं? वर्तमानपत्रात आजही तीन चुका सापडल्या, फोन करून सांगितल्या, तिकडच्या पोरानं "ओके सर" म्हणून ठेवला.

संध्याकाळी ललिताचा फोन आला. तिनं स्वतः लावला होता, डाव्या हातानं. माया शेजारून सांगत असेल असं वाटलं, पण माया बाजारात गेली होती. ललिता सांगू लागली. वर्गात कोण नवीन म्हातारा आला आहे, मोर्शीकडचा, तो कोणाशीच बोलत नाही आणि त्याची सून त्याच्यासाठी सगळी उत्तरं देते. ललितानं त्या सुनेला काय सुनावलं ते सांगितलं. मग पायलच्या आईनं काय पाठवलं. मॅडम आता नवी चित्रं जमवताहेत आणि प्रत्येक चित्र आधी ललिताला दाखवतात, "अन् मी नाही म्हनलो तं ते चित्र कटते." सांगताना वार चुकले तिचे. बुधवारची गोष्ट तिनं काल म्हणून सांगितली. मोर्शीकरांचं नाव एकदा भगवंतराव, एकदा किसनराव आलं. एक शब्द सापडेना, तिथे ती थांबली, आणि तो मला माहीत होता.

मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो.

शब्द ओठांवर आला होता, तो तिथेच ठेवला.

"हॅलो? अवो? फोन कटला का?"

"नाही. आहे मी."

"मंग काहून बोलून नाही राह्यले?"

"ऐकतो आहे," मी म्हटलं. "तू बोल."

तिकडे खाली रस्त्यावर दुचाक्यांचे हॉर्न वाजत होते, ते ऐकू येत होते, तिचा श्वास ऐकू येत होता. फोन ठेवते की काय असं वाटलं.

"असं व्हय?" ती म्हणाली. "मंग थांबा. खुर्ची वढून घेतो मी."